‘सगळ्यात भारी टेक्निक कोणती?’ : लिगामेंट तुटलंय आणि तीन सर्जन तीन गोष्टी सांगतायत

पत्र थोडक्यात असं आहे. वय २४, लहान मुलांना शिकवते, रोजचे दोन-तीन तास जमिनीवर गुडघे टेकून जातात. शाळेपासून फुटबॉल खेळते, आता शनिवार-रविवारच्या टीममध्ये. पाच आठवड्यांपूर्वी मॅचमध्ये पाय रोवून वळताना गुडघ्यात कट्कन आवाज आला आणि तासाभरात गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड सांध्याच्या आत बांधून ठेवणारं लिगामेंट, मधोमध पूर्ण तुटलेलं, शिवाय आतल्या बाजूच्या गादीला, म्हणजे मेनिस्कसला, उभी चीर, बहुतेक शिवता येईल अशी. त्यानंतर जिना उतरताना दोनदा गुडघा सटकला. पहिले सर्जन म्हणाले मांडीच्या मागचं हॅमस्ट्रिंग टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) घेऊन त्याचं नवीन लिगामेंट बनवू, दुसरे म्हणाले खेळाडू आहेस तर वाटीखालचंच टेंडन घे, तिसरे म्हणाले ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून काढून बसवलेलं टेंडन, हवंच कशाला, तुटलेलंच शिवू आणि आत मजबूत टेप घालू, लवकर बरी होशील. दादाचं चार वर्षांपूर्वी हॅमस्ट्रिंगनेच झालंय, तो सहा महिन्यांत खेळायला लागला होता, त्यामुळे घरचे म्हणतात तेच कर. तारीख दोन आठवड्यांवर आहे आणि तिचा प्रश्न असा : "सगळ्यात चांगली आणि लेटेस्ट टेक्निक कोणती ते एकदा सांगा, मी तीच करून घेते. आणि सहा महिन्यांत मैदानावर येईन ना?"

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा प्रश्न वाचला, दुसऱ्यांदा त्याच्यामागची भीती वाचली, की चुकीची टेक्निक निवडली तर आयुष्यभराचा गुडघा गेला. ही भीती अगदी खरी आहे आणि तीन डॉक्टरांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्यावर ती वाढणारच, कारण आपल्याला वाटतं की तिघांपैकी एकच बरोबर असणार आणि बाकीचे दोघं एकतर मागे पडलेत नाहीतर आपल्याला फसवतायत. एक सांगते, मी फिजिओ आहे, सर्जन नाही, ऑपरेशन मी करत नाही. पण ऑपरेशननंतरचे नऊ-दहा महिने माझ्यासमोर जातात, त्यामुळे कुठल्या टेक्निकमध्ये माणसाचं नंतर काय दुखतं आणि कशाचा पश्चात्ताप होतो ते मी जवळून बघते, आणि त्यावरून सांगते की ‘सगळ्यात भारी’ असं काही नाहीये. प्रत्येक ग्राफ्ट गुडघ्याला काहीतरी देतो आणि त्यासाठी शरीरातल्या दुसऱ्या जागेकडून काहीतरी घेतो. तुझा प्रश्न खरं तर असा हवा की माझ्याकडून काय घेतलेलं मला चालणार आहे.

त्याआधी एक पायरी मागे येऊ, कारण तुझ्यासारखी पत्रं आणखीही येतात आणि सगळ्यांचा गुडघा तुझ्यासारखा नसतो. एसीएल तुटलं म्हणजे ऑपरेशन करावंच लागतं असं बहुतेकांनी धरलेलं असतं. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या माणसांवर एक अभ्यास झाला, २०१० मध्ये आला. अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन, अर्ध्यांना आधी नुसता व्यायाम आणि गरज पडली तरच नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांना गुडघा किती त्रास देतो यात फरक दिसला नाही, आणि पाच वर्षांनी बघितलं तर व्यायामवाल्या गटातल्या साधारण अर्ध्या लोकांनी ऑपरेशन केलंच नव्हतं. पण हे वाचून कुणी तारीख रद्द करू नका, कारण दुसरी बाजूही आहे. ब्रिटनमध्ये ३१६ जणांचा अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात जुनी दुखापत असलेले आणि गुडघा वारंवार सटकणारे लोक होते, आणि तिथे ऑपरेशनवाल्यांचं जास्त बरं झालं. म्हणजे प्रश्न गुडघा सटकतो का आणि तुला त्या गुडघ्याकडून काय करून घ्यायचंय हा आहे, एमआरआयच्या रिपोर्टमधल्या ‘पूर्ण तुटलेलं’ या शब्दाने एकट्याने निर्णय होत नाही.

तुझ्या बाबतीत तीन गोष्टी ऑपरेशनच्या बाजूने जातात. जिन्यावर गुडघा दोनदा सटकलाय, गादीची चीर शिवण्यासारखी आहे आणि तुला वळण्या-थांबण्याचा खेळ परत खेळायचाय. यातली गादीची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एसीएल नवीन बनवता येतं, गादी बनवता येत नाही, आणि डळमळीत गुडघ्यात शिवलेली गादी टिकायला अवघड जाते, म्हणून दोन्ही एकत्र करतात. प्रत्येक वेळी गुडघा सटकतो तेव्हा ती चीर आणखी वाढू शकते, त्यामुळे ऑपरेशनपर्यंत जिन्याचा कठडा धर, वळणं टाळ, आणि गुडघा मधेच अडकून सरळ होईनासा झाला तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन कर. आणि ऑपरेशन केलं म्हणजे पुढे कधीच झीज होणार नाही हे कुणी सांगितलं असेल तर तेवढं मनातून काढून टाक, एसीएल नवीन बसवल्याने झीज टळते असं ठामपणे दिसलेलं नाही. गादी वाचली तर गुडघ्याचं जास्त भलं होतं.

आता तिसऱ्या सर्जनपासून सुरू करते, कारण ‘लेटेस्ट’ या शब्दाने तू तिकडे ओढली गेलीयस असं पत्रातून वाटलं. तुटलेलं लिगामेंट शिवणं ही नवी कल्पना नाही, जुनीच आहे. १९७०-८० च्या दशकात ते खूप केलं गेलं आणि निकाल वाईट आले म्हणून मागे पडलं. कारण सोपं आहे. इतर ठिकाणी काही फाटलं की तिथे रक्ताची गुठळी बसते आणि तिच्या आधाराने दोन टोकं जुळतात, पण एसीएल सांध्याच्या आत असतं, तिथला द्रव ती गुठळी टिकूच देत नाही आणि टोकं लोंबकळत राहतात. अलीकडे हे परत आलंय, जास्त चांगल्या टाक्यांनी, टेपच्या आधाराने, किंवा मधे कोलॅजनचा स्पंजसारखा तुकडा ठेवून (त्या तुकड्याला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली). यात चांगलं काही नाही असं अजिबात नाही, स्वतःचं लिगामेंट राहतं, टेंडन काढावं लागत नाही. पण टेपने शिवायची पद्धत मुख्यतः त्यांच्यासाठी आहे ज्यांचं लिगामेंट मांडीच्या हाडाला चिकटतं तिथून, वरच्या टोकाला, उपटल्यासारखं निघालंय आणि बाकीचा दोर शाबूत आहे. तुझं मधोमध तुटलंय. मधे तुटलेल्या एसीएलची टोकं घासलेल्या दोरीसारखी पिंजलेली असतात, टाका धरायलाच नीट जागा नसते. शिवाय तरुण खेळाडूंमध्ये शिवलेलं लिगामेंट परत तुटायचं प्रमाण ग्राफ्टपेक्षा जास्त दिसलंय. म्हणून तुझ्या जागी मी असते तर तिसऱ्या डॉक्टरांना एवढंच विचारलं असतं की माझं मधे तुटलंय तरी शिवायचं का म्हणताय, आणि माझ्या वयाच्या, फुटबॉल खेळणाऱ्या किती जणांचं तुम्ही असं केलंय, त्यांचे दोन वर्षांनंतरचे गुडघे कसे आहेत. उत्तर समाधानकारक नसेल तर हा पर्याय बाजूला ठेव. ‘छोटं ऑपरेशन, लवकर बरं’ ऐकायला छान वाटतं, पण दुसऱ्यांदा करावं लागलं तर ते छोटं राहत नाही.

मग उरतात ग्राफ्ट. इथे जरा वेळ घेते.

वाटीखालचं टेंडन, म्हणजे गुडघ्याच्या वाटीपासून नडगीपर्यंत जी जाड पट्टी लागते तिचा मधला साधारण १० मिलिमीटर रुंद भाग, दोन्ही टोकांना हाडाचा छोटा तुकडा ठेवून काढतात. त्याचा मोठा फायदा तो हाडाचा तुकडाच आहे, कारण ग्राफ्टसाठी हाडात पाडलेल्या बोगद्यात हाडाला हाड लवकर जुळतं, साधारण सहा-आठ आठवड्यांत, आणि नुसतं टेंडन हाडात रुजायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणूनच मोठ्या स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी कितीतरी सर्जन डोळे झाकून हेच निवडतात. पण ते घेतं काय? वाटीच्या पुढच्या भागात दुखणं, आणि खास करून गुडघे टेकल्यावर दुखणं. काहींचं वर्षभरात जातं, काहींचं जात नाही. आता तू विचार कर, तू रोज दोन-तीन तास लहान मुलांसोबत गुडघ्यांवर असतेस. शनिवार-रविवारचे दोन तास विरुद्ध आठवड्यातले पाच दिवस. दुसऱ्या सर्जननी तुला ‘तू काम काय करतेस’ असं विचारलं होतं का? पत्रात त्यांनी खेळाचं विचारलं असं आहे, कामाचं काहीच नाही. त्यांनी नाही विचारलं तर तू सांग, हे माझ्या मते तुझ्या निर्णयातलं सगळ्यात वजनदार वाक्य आहे.

हॅमस्ट्रिंगमध्ये मांडीच्या मागची-आतली दोन बारीक टेंडन्स काढतात, ती दुमडून चार पदरी दोर करतात. पुढे दुखणं कमी, गुडघे टेकणं सोपं, जखम छोटी. घेतं काय तर गुडघा खोल वाकवून जोर लावायची ताकद थोडी कमी होते, नडगीच्या पुढे-आतल्या बाजूला चामडी बधिर होते (बऱ्याच जणींना हे आधी सांगितलेलं नसतं आणि मग त्या घाबरून फोन करतात, ती एक बारीक नस असते, पायाच्या ताकदीशी तिचा संबंध नाही), आणि एक गोष्ट जी मुलींसाठी खास महत्त्वाची आहे, ती म्हणजे जाडी. बारीक चणीच्या माणसाची टेंडन्स बारीक निघतात आणि ग्राफ्ट ८ मिलिमीटरपेक्षा पातळ झाला की तुटायची शक्यता वाढते. चांगला सर्जन एमआरआयवर आधीच अंदाज घेतो आणि पातळ निघालं तर काय करायचं, आणखी पदर करायचे की दुसरं टेंडन घ्यायचं, ते ठरवून ठेवतो. तू हे आधीच विचार, ऑपरेशन टेबलावर ठरायला नको.

या दोन्हींत तुटण्याचा फरक किती? नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क इथे अशा प्रत्येक ऑपरेशनची नोंद ठेवतात, आणि त्या सुमारे ४६,००० ऑपरेशन्सचा हिशोब २०१४ मध्ये आला. पाच वर्षांत परत ऑपरेशन करावं लागलं ते वाटीखालच्या टेंडनवाल्यांपैकी २.८ टक्के आणि हॅमस्ट्रिंगवाल्यांपैकी ४.२ टक्के लोकांचं. म्हणजे फरक आहे, खरा आहे, पण शंभरात दीड माणसाचा आहे. यावरून एक ग्राफ्ट ‘बरोबर’ आणि दुसरा ‘चूक’ असं होत नाही ना. पण थांब, हे आकडे सगळ्या वयाच्या, खेळणाऱ्या आणि न खेळणाऱ्या लोकांचे मिळून आहेत आणि फक्त दुसरं ऑपरेशन झालेल्यांचे आहेत, ज्यांचा ग्राफ्ट सैल पडला पण ज्यांनी परत काही केलं नाही ते यात नाहीत. तुझ्या वयात आणि फुटबॉलमध्ये धोका याहून जास्त असतो. पंचविशीच्या आतले जे खेळाडू परत खेळायला जातात त्यांच्यापैकी जवळजवळ चारातल्या एकाचं एसीएल परत तुटतं, कधी त्याच गुडघ्यातलं, कधी चांगल्या गुडघ्यातलं. तुला घाबरवायला नाही सांगत, पण दादा आणि तू यात फरक कुठे पडतो ते बघ.

आणि इथेच तुझ्या पत्रातलं एक वाक्य माझ्या डोक्यात अडकलंय, तू सहज लिहिलंयस की ‘माझे गुडघे आणि कोपर लहानपणापासून थोडे मागेच वळतात, मैत्रिणी हसायच्या’. हे तिघांपैकी कुणाला सांगितलंस का? सांध्यांचा असा सैलपणा, कमी वय आणि वळण्याचा खेळ हे तीन एकत्र आले की नुसता हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट कमी पडू शकतो. यावर एक जोडकाम करतात. मांडीच्या बाहेरच्या बाजूची एक पातळ पट्टी, खालचं टोक तसंच ठेवून, मागे वळवून मांडीच्या हाडाला लावतात, म्हणजे गुडघा आतल्या बाजूला पिळवटला जाताना तिथे एक लगाम बसतो. कॅनडा आणि युरोपमध्ये १४ ते २५ वयाच्या ६१८ जणांवर याचा अभ्यास झाला, सगळे असेच जास्त धोक्याचे गुडघे, सगळ्यांना हॅमस्ट्रिंग, अर्ध्यांना सोबत ही बाहेरची पट्टी. दोन वर्षांत ग्राफ्ट तुटला नुसत्या हॅमस्ट्रिंगवाल्यांपैकी ११ टक्के जणांचा आणि पट्टीवाल्यांपैकी ४ टक्के जणांचा. हा २०२० मध्ये आला. पट्टीही फुकट मिळत नाही, सुरुवातीच्या महिन्यांत दुखणं जरा जास्त, मांडीची ताकद यायला थोडा उशीर, बाहेरच्या बाजूला आणखी एक व्रण. पण तुझ्यासारख्या गुडघ्यासाठी याबद्दल बोलणं व्हायलाच हवं, आणि तिघांपैकी एकानेही ते काढलं नाही याचं मला थोडं वाईट वाटलं. कदाचित तुझ्या कोपरांचं त्यांना माहीतच नसेल.

तिसरा ग्राफ्ट, जो तुला कुणीच सुचवला नाही, तो वाटीच्या वरचं टेंडन, क्वाड्रिसेप्सचं. जाड निघतं, पुढे गुडघे टेकायला वाटीखालच्यापेक्षा कमी त्रास होतो. घेतं ते मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद, आणि ती परत आणायला घाम गाळावा लागतो, माझ्याकडे या लोकांना सरळ पाय उचलायलाच पहिले काही आठवडे जड जातं. या ग्राफ्टची एक गोष्ट सगळ्याच टेक्निकना लागू आहे. डेन्मार्कमध्ये सुरुवातीच्या नोंदींत हा ग्राफ्ट इतर दोघांपेक्षा जास्त वेळा परत करावा लागला असं दिसलं, लोक म्हणायला लागले ग्राफ्टच वाईट, आणि मग नीट बघितल्यावर कळलं की जिथे ही ऑपरेशन्स भरपूर होतात तिथे हा फरक कमी होता. म्हणजे दोष बराचसा नव्या हातांचा होता. तुला जो डॉक्टर ‘मी नवीनच सुरू केलंय’ म्हणतो त्याच्याकडून उत्तम टेक्निक करून घेण्यापेक्षा, जो एक टेक्निक वर्षानुवर्षं नीट करतोय त्याच्याकडून तीच करून घेणं मला बरं वाटतं.

मृत दात्याचं टेंडन, हा पर्याय तुझ्यासाठी नको असं मी सरळ म्हणेन. चाळिशीच्या पुढच्या, वळणं नसलेलं आयुष्य जगणाऱ्या माणसाला ते चालून जातं, कारण स्वतःचं काही काढावं लागत नाही, पण तरुण खेळाडूंमध्ये ते कितीतरी जास्त वेळा तुटतं.

आणखी काही शब्द तुझ्या कानावर पडतील. एक बंडल की डबल बंडल? एसीएलमध्ये दोन जुड्या असतात म्हणून दोन्ही वेगळ्या बनवायच्या अशी कल्पना, मशीनवर मोजलं तर गुडघा थोडा जास्त घट्ट वाटतो, पण माणसाला वापरताना फरक जाणवल्याचं दिसलेलं नाही. बटण की स्क्रू, धातूचा की विरघळणारा, यावर झोप घालवू नकोस, सर्जनला जे सवयीचं आहे ते चालतं. दुर्बिणीतूनच करणार ना, तर हो, आता जवळपास सगळं दुर्बिणीतूनच होतं.

पण ज्याबद्दल पेशंट कधीच विचारत नाहीत ती गोष्ट म्हणजे बोगदा. ग्राफ्ट कुठलाही असो, तो मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पाडलेल्या भोकांतून जातो, आणि मांडीच्या हाडातलं भोक मूळ लिगामेंटच्या जागेवर न पडता थोडं वर-पुढे पडलं तर ग्राफ्ट खूप उभा बसतो, पुढे सरकणं थांबवतो पण पिळवटणं थांबवत नाही. तपासताना गुडघा घट्ट लागतो आणि मैदानावर वळलं की सटकतो. परत करायला लागलेल्या ऑपरेशन्समध्ये तांत्रिक चुकांत हीच चूक सगळ्यात वर असते. पूर्वी नडगीच्या भोकातूनच सरळ वरचं भोक पाडायचे, त्यात हे जास्त व्हायचं, आता बरेचजण आतल्या बाजूच्या वेगळ्या छिद्रातून किंवा बाहेरून पाडतात. तुला याचं इंजिनिअरिंग समजायची गरज नाही, पण ‘मांडीचा बोगदा मूळ जागेवरच बसतोय हे तुम्ही कसं बघता’ एवढा प्रश्न विचार. जो सर्जन यावर आनंदाने पाच मिनिटं कागदावर चित्र काढून सांगतो त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

आता दादा आणि सहा महिने. दादाने खूप प्रेमाने सांगितलंय आणि त्याचं छान झालं याचा मला खरंच आनंद आहे, पण त्याचं सहा महिन्यांत जमलं म्हणून सहा महिने बरोबर ठरत नाहीत. तुला कुणी सांगितलं नसेल तर सांगते, ग्राफ्ट आत बसवला त्या दिवशी तो मेलेला दोर असतो, त्याला रक्तपुरवठा नसतो. पुढच्या काही आठवड्यांत तो आणखी कमकुवत होतो, दीड ते तीन महिन्यांच्या काळात सगळ्यात नाजूक असतो, आणि गंमत नाही तर खरी अडचण अशी की नेमका तेव्हाच सूज गेलेली असते, दुखत नसतं, माणसाला वाटतं झालं बरं. मग हळूहळू त्यात रक्तवाहिन्या येतात, पेशी येतात, तो लिगामेंटसारखा व्हायला लागतो, आणि हे काम वर्षभर किंवा जास्तही चालतं. तू कुठलीही टेक्निक घेतलीस तरी हा वेळ कमी होत नाही. नॉर्वेतला २०१६ चा एक अभ्यास आहे, त्यात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत परत खेळायला जाणं जितके महिने पुढे ढकललं, दर महिन्याला परत दुखापत व्हायचं प्रमाण साधारण निम्म्याने कमी होत गेलं, आणि ज्यांनी ताकदीच्या, उड्यांच्या चाचण्या पास केल्या त्यांचा धोका फारच कमी झाला. म्हणून ‘सहा महिन्यांत येईन ना’ याचं माझं उत्तर नाही असं आहे. सहा महिन्यांत धावशील, बॉलला पाय लावशील, पण कुणाच्या अंगावर जाऊन मॅच खेळायची ती कमीत कमी नऊ महिन्यांनी, आणि तेही ऑपरेशनच्या पायाची मांडी दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के ताकद दाखवत असेल तर. गादी शिवली तर सुरुवातीचे काही आठवडे कुबड्या आणि खोल वाकवण्यावर बंदी असेल, तेव्हा शाळेला आधीच सांगून ठेव, जमिनीवर बसायचं काम काही महिने दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल. (हे मुलींना सगळ्यात अवघड जातं, सुट्टी मागणं. माग.)

माझा कल विचारशील तर तुझ्या गुडघ्याचं जेवढं पत्रातून कळलं त्यावरून मी आधी हॅमस्ट्रिंग अधिक बाहेरची पट्टी याबद्दल बोलायला जाईन, आणि हॅमस्ट्रिंग पातळ निघणार असेल तर क्वाड्रिसेप्स, जर सर्जनचा त्यावर हात बसलेला असेल तर. वाटीखालचं टेंडन माझ्या यादीत तुझ्या कामामुळे खाली जातं, वाईट आहे म्हणून नाही. पण तुला जर असं वाटलं की गुडघे टेकून दुखलं तरी चालेल, मी खाली बसायची दुसरी पद्धत शोधेन पण ग्राफ्ट परत तुटायला नको, तर मग दुसऱ्या सर्जनचं म्हणणं तुझ्यासाठी अगदी बरोबर आहे. हे माझ्यापेक्षा, दादापेक्षा तुलाच जास्त कळेल. आणि कल म्हणजे निर्णय नाही, हाताने गुडघा तपासलेला माणूस पत्र वाचलेल्या माणसापेक्षा जास्त जाणतो. पहिल्या सर्जनकडे परत जा, सोबत दादाला ने, कागदावर लिहून ने : मी दिवसभर गुडघ्यांवर असते, माझे सांधे मागे वळतात, ग्राफ्ट ८ मिलिमीटरच्या खाली निघाला तर तुम्ही काय करता, बाहेरची पट्टी माझ्यासाठी विचारात घ्याल का, गादी शिवता आली नाही तर काय, वर्षाला अशी किती करता. उत्तरं मिळाली नाहीत किंवा ‘ते आमच्यावर सोडा’ असं ऐकायला मिळालं तर चौथं मत घ्यायला लाजू नकोस.

तारखेचं म्हणशील तर दोन आठवड्यांनी करायलाच हवं असा दगडावर कोरलेला नियम नाही. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने ऑपरेशन केलं तर नंतर गुडघा सरळ न होण्याचा त्रास मागे लागतो, तो मी पाहिलाय आणि तो तुटलेल्या लिगामेंटपेक्षा जास्त छळतो. गादीमुळे फार महिने लांबवू नये हेही खरं, पण तीन-चार आठवडे इकडे-तिकडे झाले म्हणून बिघडत नाही, गुडघा तयार असणं जास्त महत्त्वाचं. ऑपरेशननंतर पोटरी दुखून सुजली, धाप लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी यायला लागलं तर फिजिओची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ.

आज रात्री एक करून बघ. पलंगावर पाय लांब करून बस, दुखऱ्या पायाच्या टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेव, आणि गुडघ्याची मागची बाजू खाली पलंगाकडे जाते का बघ, चांगल्या पायाइतकी. मग मांडी आवळून गुडघा न वाकवता पाय वीतभर उचल आणि दहा आकडे मोज. गुडघा सरळ राहतो का, की उचलताना जरासा वाकतो? वाकत असेल, किंवा मागची बाजू चांगल्या पायाइतकी खाली जातच नसेल, तर उद्या सर्जनच्या आधी फिजिओकडे जा आणि तारीख ठरवताना ही गोष्ट डॉक्टरांना सांग. दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं टाच अशी टेकवून ठेवत जा, बर्फ लावत जा. सूज उतरली, पाय दुसऱ्याइतका सरळ झाला आणि चालताना लंगडणं थांबलं की मला परत लिही, कुठला ग्राफ्ट ठरला तेही लिही, मग पहिल्या सहा आठवड्यांचं आपण नीट बोलू.